चिंचेला कुऱ्हाड लावण्याआधी शेंग फोडून बघा



गेल्या पंधरवड्यात आमच्या भागात दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. पहिली अशी की भुईमुगाच्या शेंगांना भोकं पडतात ती बांधावरच्या चिंचेमुळे, म्हणून चिंचा काढून टाका. दुसरी अशी की डोंगरावर टाकलेले बीजगोळे उगवत नाहीत कारण जंगलातले किडे बी खातात, म्हणून यंदा टाकण्याआधी खालचा पाला जाळून घ्या आणि जमलं तर पावडर धुरळा. पहिली गोष्ट एका कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावरून आली, दुसरी झाडं लावणाऱ्या एका उत्साही मंडळाकडून. माणसं वेगळी, डोकं एकच. बी खाणारा किडा दिसला की तो वैरी, आणि त्याला आसरा देणारं झाड त्याहून मोठा वैरी. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी किडा कोण ते बघू. आत्ता उठून चिंचेखाली जा आणि वाळकी शेंग उचला. टरफलावर टाचणीच्या डोक्याएवढी, चिकटवल्यासारखी पांढुरकी अंडी दिसतील, नाहीतर बाजरीच्या दाण्याहून जरा मोठं गोल भोक दिसेल. शेंग फोडा. एखादा चिंचोका वरून धड पण आतून पोकळ निघेल. अंडं जिथे चिकटवलेलं असतं तिथूनच अळी सरळ आत घुसते, बी खाते, आणि पूर्ण वाढली की बऱ्याचदा बाहेर येऊन कागदासारखा पातळ कोष विणते. त्यातून निघतो तो भुंगेरा तांबूस तपकिरी, अंगावर काळपट ठिपके, साधारण ७ मिलिमीटर लांब. ओळखायची खूण म्हणजे मागचे पाय. मांडी पैलवानासारखी फुगलेली आणि तिच्यावर कंगव्यासारखे काटे. शास्त्रीय नाव कॅरिडॉन सेराटस. खाण्याचं काम फक्त अळी करते. मोठा भुंगेरा साठवणीत दाण्याला तोंडही लावत नाही, तो फक्त पुढची अंडी घालतो.

हाच किडा भुईमुगाच्या शेंगेत सापडतो, हे खरं आहे. दुकानदार इथपर्यंत बरोबर बोलला. चिंच, आपटा-कांचनाची जात, बाभळीच्या काही जाती, या सगळ्यांच्या बिया तो खातो. भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतून आलेलं पीक, आणि हा भुंगेरा आपल्या बाजूच्या जुन्या जगातला. म्हणजे आधी त्याचं घर झाडांवर होतं, भुईमूग आपण नंतर नेऊन त्याच्या ताटात वाढला. आता म्हणे ताट राहू दे, घर पाडा.

बरं, घर पाडून तरी भागेल का? चिंच तोडलीत, आपट्याचं काय कराल? डोंगरउतारावर आपटा किती आहे ते दसऱ्याला सगळ्यांना माहीत असतं. बाभळी किती तोडणार? भुंगेऱ्याला पंख आहेत, तो तुमच्या सातबाऱ्याची हद्द बघून उडत नाही.

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. शेतात भुंगेरा थोडा येतो, घरात तो वाढतो. खरिपाचा भुईमूग आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतो. बियाण्यासाठी ठेवलेल्या शेंगा जूनपर्यंत पोत्यात असतात. उबदार हवेत या किड्याची एक पिढी साधारण सहा आठवड्यांत होते, थंडीत जरा जास्त वेळ घेते. ऑक्टोबर ते जून हिशेब करा, चार-पाच पिढ्या आरामात बसतात. शेतातून दोन-चार अंडी आली तरी मे महिन्यात पोतं हलवलं की पीठ का गळतं, याचं उत्तर या गुणाकारात आहे. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण काय करतो? झोडपलेली चिंच आणून त्याच खोलीत, त्याच पोत्यांच्या शेजारी ओततो. उन्हाळी भुईमूग काढला की शेंगा वाळायला कुठे टाकतो? सावली बघून चिंचेच्या कडेलाच. मग भोकं पडली की दोष झाडाचा!

करायचं ते साधं आहे आणि त्याला कुऱ्हाड लागत नाही. शेंग वेळेवर काढा, उन्हात नीट वाळवा, हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. ओलावा सात-आठ टक्क्यांवर आला की लगेच भरा, अंगणात आठ-आठ दिवस पसरून ठेवू नका. चिंच आणि भुईमूग एका खोलीत नको. जुनं पोतं वापरायचं तर उलटं करून शिवणीत बघा, कागदी कोष तिथेच चिकटलेले असतात. बियाण्यापुरत्या शेंगा हवाबंद तिहेरी पिशवीत ठेवता आल्या तर उत्तम. हैदराबादजवळच्या पतंचेरूला इक्रिसॅटने भुईमूग आणि याच भुंगेऱ्यावर अशा पिशव्या तपासल्या आहेत. आत हवा संपते, किडा गुदमरतो, औषध लागत नाही. आणि झाडावर चिंच ठेवू नका. ज्या चिंचेची शेंग कोणी झोडत नाही ती वर्षभर भुंगेऱ्याचं कोठार असते. म्हणजे झाड तोडण्याच्या बरोबर उलटं, झाडाचं उत्पन्न पूर्ण घ्या.

कायद्याचंही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत चिंच आहे. स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. सल्ला देणारा हे सांगत नाही, कारण पंचनामा त्याच्या नावाने होत नसतो.

आता दुसरी गोष्ट, बीजगोळ्यांची. इथे मला जास्त राग आहे, कारण इथे शाळेतली पोरं राबतात.

जूनमध्ये माती, शेण आणि बी यांचे गोळे वळायचे, गाड्या भरून डोंगरावर जायचं, फेकायचे, फोटो काढायचे. पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर तोच कार्यक्रम. मध्ये कोणी मोजायला जात नाही. कोणी विचारलंच तर उत्तर तयार, किड्यांनी खाल्लं. अहो, किड्यांनी खाल्लंच, पण कुठे? बहुतेक वेळा डोंगरावर नाही, तुमच्या गोदामात! चिंचोके, बहावा, बाभूळ, आपटा यांचं बी मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालून वेचायचं, म्हणजे जे पडून राहिलं आणि ज्यावर आधीच अंडी घातली गेली तेच नेमकं उचलायचं. मग ते न वाळवता, न निवडता पोत्यात बांधून जूनपर्यंत ठेवायचं. भुईमुगाच्या पोत्यात जे होतं तेच इथे होतं.

मातीच्या गोळ्याचा प्रचार ज्यांनी केला ते जपानचे फुकुओका स्वतः शेतकरी होते. भात, जवाचं बी पाखरांनी, उंदरांनी, किड्यांनी उचलू नये म्हणून ते मातीत गुंडाळायचे, तेही स्वतःच्या, रोज नजरेखालच्या शेतात. गोळा बाहेरचा चोर अडवतो. आपल्या पोत्यात चोर बियाच्या आत बसलेला असतो, आपण बाहेरून मातीचं कुलूप लावतो आणि डोंगरावर नेऊन फेकतो.

निवड करणं अवघड नाही. भोकाचं बी सरळ बाजूला काढा. उरलेलं पाण्यात टाका, तरंगेल ते फेका. मात्र लहान अळी आत असेल तर बी जड राहतं आणि बुडतं, त्यामुळे पाण्याच्या परीक्षेवर सगळा भरवसा ठेवू नका. शेंग झाडावर पिकली की लगेच काढलेलं बी आणि जमिनीवर महिनाभर लोळलेलं बी यांत फार फरक असतो. काही जातींचे भुंगेरे हिरव्या शेंगेवरच अंडी घालतात, तिथे लवकर काढूनही थोडं नुकसान राहतंच. बाभूळ, बहावा यांचं कवच टणक असतं, गरम पाण्याची प्रक्रिया केल्याशिवाय पहिल्या पावसाला त्यातलं थोडंच उगवतं. बाकीचं महिनोन् महिने उघड्यावर पडून राहतं आणि मुंग्या-उंदरांना वेळच वेळ मिळतो. मोहाचं तर उलट. त्याचं बी काही आठवड्यांतच मरतं, ते साठवून ठेवणंच चूक. सगळ्या बियांना एक गोळा, एक तारीख, एक डोंगर हा कुठला हिशेब?

आता कोणी म्हणेल, गोदामाचं सोडा, जंगलात तर किडे बी खातातच ना? खातात. भरपूर खातात. चिंचेच्या, आपट्याच्या झाडाखाली बसून ओंजळभर बिया उचलून मोजा, धड किती निघतात ते. मोजल्यावर घाबरू मात्र नका. एक चिंच दरवर्षी किती चिंचोके टाकते आणि ते झाड किती वर्षं जगतं? त्या सगळ्या आयुष्यात स्वतःच्या जागी एकच चिंच मोठी झाली तरी झाडाचा हिशेब चुकता. सगळं बी उगवावं म्हणून ते टाकलेलंच नसतं.

आणि ते कोणतं बी खातात, हेही बघा. १९७० मध्ये डॅनियल जॅन्झन या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेलने वेगवेगळा विचार करून एकच गोष्ट मांडली. जॅन्झनचा अनुभव मध्य अमेरिकेतल्या जंगलांचा, कॉनेलचा ऑस्ट्रेलियाच्या. बी खाणारे बरेच किडे खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, एकेका जातीला किंवा थोड्याच जातींना धरून राहतात. आईच्या झाडाखाली बी दाट पडतं, तिथे तिचे किडेही दाट. त्यामुळे आईखाली तिचं स्वतःचं पोर जगायची शक्यता कमी, आणि त्या जागेत दुसऱ्या जातीचं रोप उठतं. पाखराने, वटवाघळाने, जनावराने दूर नेलेलं बी मात्र वाचतं. म्हणजे चिंचेखाली चिंचांचं रान होत नाही, तिथे करंज येतो, जांभूळ येतं.

आपण शेतकरी याला काय म्हणतो? फेरपालट! त्याच वावरात सलग तेच पीक घेतलं की कीड-रोग बसतो हे आपल्याला आजोबांनी शिकवलं. जंगलाला फेरपालट करायला आजोबा नाहीत, तिथे हे काम भुंगेरे, सोंडे आणि बुरशी करतात. वर्षानुवर्षं एकाच झाडाखाली त्याच झाडाच्या बियांचे गोळे टाकणं म्हणजे उसावर ऊस, उसावर ऊस. खोडवाच खोडवा.

कृषी पदवीवाले मित्र विचारतील, पुरावा काय. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये बेलीझ देशातल्या जंगलाचा प्रयोग आला. त्यांनी जंगलातल्या जमिनीचे तुकडे आखून कुठे बुरशीनाशक मारलं, कुठे कीटकनाशक, कुठे काहीच नाही. जिथे कीटकनाशक मारलं तिथे रोपं जास्त उगवली. इथपर्यंत पावडरवाले खूश होतील. पण कोणत्या जातीची रोपं किती, हे गणितच तिथे बदलून गेलं. बुरशीनाशकाच्या तुकड्यांत तर जातींची विविधताच घटली. प्रामाणिकपणे सांगायचं तर विविधता कमी झाल्याचं ठळक दिसलं ते बुरशीच्या बाबतीत, किड्यांच्या बाबतीत दिसली ती अदलाबदल. तेवढंही मला पुरे आहे. रोपांची संख्या वाढली म्हणजे जंगल सुधारलं असं होत नाही, नाहीतर वेडी बाभूळ माजलेलं गायरान सगळ्यात चांगलं जंगल ठरेल.

वेडी बाभूळ निघालीच आहे तर ऐका. दक्षिण आफ्रिकेत तिच्या जातभाईंनी असाच उच्छाद मांडला. त्यांनी १९८७ मध्ये परदेशातून मुद्दाम तिचं बी खाणारा भुंगेरा आणून सोडला. ज्या किड्याच्या नावाने आपण पाला जाळायला निघालोय, त्याच कुळातला किडा दुसरा देश तपासणी करून, खर्च करून आणतो. आपल्याकडे गाजर गवतासाठी मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात असाच आणला, तो पानं खातो एवढाच फरक. आफ्रिकेत त्या भुंगेऱ्याला पूर्ण यश आलं नाही. कारण भुंगेरा पोचायच्या आधीच गुरं-मेंढ्या शेंगा खाऊन टाकतात आणि बी लेंडीतून, शेणातून धड बाहेर पडतं.

हे आपल्याला नवीन नाही. मेंढ्या बसवलेल्या रानात, शेळ्यांच्या वाड्यात बाभळीची रोपं का उठतात? चैत्र-वैशाखात शेळी बाभळीची शेंग कडाकडा खाते. टणक बी पोटातून तसंच निघतं, कवच थोडं मऊ होतं, आणि आतली अगदी लहान अळी बहुधा पोटातच मरते. वाड्यातून बाभळीचं बी गोळा करायची पद्धत वनखात्यातही जुनी आहे. मग बाभळीचं बी हवं असेल तर पोत्यात भरून ठेवण्याऐवजी धनगराच्या वाड्यावर जा, लेंडी चाळा. तुमच्या मंडळाच्या पत्रिकेत हे येत नाही, कारण लेंडी चाळतानाचा फोटो बरा दिसत नाही. शेळ्या रोपंही खातात हे मान्य. म्हणून म्हणतो, बी वाड्यातून आणा, शेळी रोपात सोडू नका.

आता आगीचं. पाला जाळला की किडा मरतो हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या समोरच्या डोंगराला वणवा लागतो, लावला जातो म्हणा. तरी भुंगेरे संपले का? गवताची आग सरसर पुढे जाते. दोन-चार बोटं खाली माती थंडच राहते, तिथे लपलेला किडा वाचतो. झाडावरच्या शेंगेतला वाचतो. उडणारा उडून जातो. मरतं कोण, तर जमिनीवर पडलेलं उघडं बी, गेल्या पावसात उगवलेलं वीतभर रोप, आणि किड्याला खाणारे कोळी, सरडे, मुंगळे. सागाच्या बीला थोडी झळ लागली की उगवण सुधारते असं कोणी सांगेल. असेल, पण अख्खा डोंगर सागाचाच करायचाय का? आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे मंडळाने बॅनरवर छापावं.

पावडरीचं तर बोलायलाच नको. या भुंगेऱ्यांच्या अंड्यात स्वतःची अंडी घालणारी एक अतिबारीक गांधीलमाशी असते, उस्काना नावाची. आपण उसात, कापसात ट्रायकोकार्ड लावतो ना, त्याच ट्रायकोग्रामाच्या कुळातली. पावडर पडली की ती आधी जाते, आणि शेंगेच्या आतली अळी मजेत राहते.

विदर्भातले कापूसवाले मित्र उन्हाळ्यात सावरीखाली लाल ढेकण्यांचे पुंजके बघून घाबरतात. बोंडं फुटून पडतात, ढेकण्या त्यातल्या बियांचा रस शोषतात. हाच लाल ढेकण्या कापसाच्या सरकीवर येतो आणि रुईला डाग पाडतो, त्यामुळे काळजी खरी आहे. फवारायच्या आधी मात्र दोन मिनिटं खाली बसून बघा. त्याच लाल गर्दीत तसाच लाल, जरा दांडगा एक ढेकूण दुसऱ्या ढेकण्याला सोंड खुपसून बसलेला दिसेल. तो अँटिलोकस, लाल ढेकण्यांवरच जगतो. लांबून दोघे सारखेच लाल. पंपालाही सारखेच.

मुंग्यांचंही तसंच. सगळ्या चोर नसतात. एरंडाच्या बीच्या टोकाला जो मऊ गोळा असतो तो मुंग्यांचं खाणं. त्या बी ओढून नेतात, गोळा खातात, आणि बी वारुळाच्या कडेला, भुसभुशीत मातीत टाकून देतात. बांधावर न पेरलेला एरंड कुठून येतो ते आता कळलं असेल.

येत्या ग्रामसभेत दोन्ही विषय येणार आहेत असं कळतंय. मी दोन्हीला विरोध करणार आहे, आणि विरोध नुसता तोंडाने नको म्हणून तीन गोष्टी मागणार आहे. बीजगोळ्यांसाठी आणलेलं प्रत्येक पोतं सगळ्यांसमोर उघडून मूठभर बी फोडून बघायचं. गेल्या वर्षी जिथे गोळे टाकले तिथे जाऊन या दिवाळीत रोपं मोजायची, आकडा कितीही येवो, तो शाळेच्या फळ्यावर लिहायचा. आणि ज्यांच्या भुईमुगाला भोकं पडली त्यांनी चिंचेकडे बोट दाखवण्याआधी आपली साठवणीची खोली दाखवायची.

चिंच झोडायचं काम आमच्याकडे पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. फोडायला बसणाऱ्या बायकांजवळ यंदा दोन घमेली ठेवतोय, धड चिंचोक्यांना एक, भोकाच्यांना एक. भोकाचं घमेलं रोज संध्याकाळी चुलीत रिकामं करायचं, रात्रभर खोलीत ठेवायचं नाही.